आइनस्टाईन खरंच एवढा मोठा होता का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुसद तालुक्यातल्या आमच्या गावात दर रविवारी सकाळी समाजमंदिराच्या ओट्यावर विज्ञानाची बैठक भरते. सातवी ते बारावीची पोरं येतात, कधी त्यांचे आईबाबाही येऊन बसतात. कापसाची वेचणी लागली की निम्मी गळतात, संक्रांतीनंतर पुन्हा जमतात. आइनस्टाईनचं नाव निघालं की दरवेळी तेच ते प्रश्न येतात. गेल्या वर्षी एका मुलानं दहावीच्या दोन महिने आधी गणिताची वही बांधून ठेवली आणि मला म्हणाला, "सर, आइनस्टाईनबी नापासच होता ना." त्या दिवशी ठरवलं की ही उत्तरं एकदा नीट लिहून काढायची. प्रश्न ज्या बोलीत आले त्याच बोलीत ठेवले आहेत.

आइनस्टाईन गणितात नापास झाला होता म्हणतेत. खरं हाय काय?

नाही. साफ खोटं आहे, आणि आपल्या पोरांचं या खोट्यानं फार नुकसान केलंय.

आइनस्टाईनचा जन्म १४ मार्च १८७९ चा, जर्मनीतल्या उल्म शहरातला. बारावीला आपण जे डिफरन्सिएशन-इंटिग्रेशन शिकतो ते त्यानं पंधरा वर्षांचा व्हायच्या आत आत्मसात केलं होतं. १८९५ मध्ये त्यानं स्वित्झर्लंडमधल्या झुरिकच्या पॉलिटेक्निक कॉलेजची प्रवेश परीक्षा दिली. तिथे अठरा वर्षांची मुलं बसायची, हा सोळाचा. गणित आणि भौतिकशास्त्रात चमकला, फ्रेंचसारख्या विषयांत कमी पडला, म्हणून प्रवेश हुकला. मग एक वर्ष आराऊ नावाच्या गावी शाळेत काढलं. १८९६ च्या त्या शाळेच्या प्रमाणपत्रावर बीजगणित, भूमिती आणि भौतिकशास्त्रापुढे ६ आहे, फ्रेंचपुढे ३. ज्याला ठाऊक नाही त्याला ६ म्हणजे कमीच वाटणार. तिथे ६ हेच सर्वांत वरचे गुण होते. पुढे १९३५ मध्ये तो अमेरिकेत असताना ही नापासाची बातमी त्याच्या कानावर घातली गेली, तेव्हा त्यानं स्वतःच ती खोडून काढली.

त्याच्या आयुष्यात अपयश होतं, पण ते गणिताचं नव्हे. कॉलेजात तो तास बुडवायचा आणि मार्सेल ग्रॉसमान या मित्राच्या वह्यांवर परीक्षा काढायचा. प्राध्यापक नाराज होते. १९०० मध्ये पदवी मिळाली, पण पक्की नोकरी दोन वर्षं मिळाली नाही. डी.एड. करून भरतीची वाट बघत बसलेली पोरं आपल्या गावोगावी आहेत, त्यांना हे दिवस मी वेगळे सांगायला नकोत. शेवटी ग्रॉसमानच्या वडिलांच्या ओळखीनं १९०२ मध्ये बर्नच्या पेटंट कार्यालयात तिसऱ्या श्रेणीचा तांत्रिक तज्ज्ञ म्हणून तो लागला.

मंग त्यानं असं केलं तरी काय, एवढं नाव झालं?

१९०५ हे साल बघा. वय २६, घरी लहान मूल, आठवड्याचे सहा दिवस कचेरी. त्या एका वर्षात त्यानं चार निबंध लिहिले. मार्चमध्ये प्रकाश हा पुड्यापुड्यांनी येतो-जातो हा विचार मांडला, मेमध्ये पाण्यात तरंगणाऱ्या बारीक कणांच्या थरथरीचं गणित, जूनमध्ये सापेक्षतावाद, सप्टेंबरमध्ये वस्तुमान आणि ऊर्जा यांचं नातं. यातला कुठलाही एक निबंध एखाद्याच्या नावावर असता तरी भौतिकशास्त्राच्या पुस्तकात त्याचं नाव राहिलं असतं.

सापेक्षतावादाचं कौतुक सगळे करतात, म्हणून मी मुद्दाम थरथरीबद्दल सांगतो, कारण ती आम्ही डोळ्यांनी बघितली आहे. आमच्याकडे एक जुना मायक्रोस्कोप आहे. वाटीभर पाण्यात दुधाचा एक थेंब टाकायचा, त्या पाण्याचा टिपूस काचेवर घ्यायचा, वर पातळ काच ठेवायची आणि चारशे पट मोठं करून बघायचं. दुधातल्या स्निग्धाच्या बारक्या गोळ्या दिसतात. त्या जागच्या जागी थरथरत असतात. कुणी हात लावत नाही, वारा नाही, तरी एक जराशी डावीकडे सरकते, दुसरी उजवीकडे, आणि कितीही वेळ बघा, थांबत नाहीत. सातवीतली एक पोरगी नळीवरून डोळा न काढता म्हणाली, "सर, हे जितं हाय का?" रॉबर्ट ब्राऊन या वनस्पतिशास्त्रज्ञाला १८२७ मध्ये फुलांच्या परागातले कण असेच थरथरताना दिसले, तेव्हा त्यालाही हीच शंका आली होती. मग त्यानं निर्जीव दगडाची पूड पाण्यात टाकून बघितली. तीही थरथरत होती.

आइनस्टाईननं सांगितलं की पाण्याचे रेणू प्रत्येक गोळीला चोहोबाजूंनी धक्के देत असतात. जत्रेत गर्दीत सापडलेल्या माणसाला जसे सगळीकडून धक्के बसतात आणि तो कधी इकडे कधी तिकडे लोटला जातो, तसंच. हे नुसतं सांगून तो थांबला नाही. किती वेळात कण सरासरी किती लांब जाईल याचं सूत्र दिलं. त्या काळी मोठमोठे शास्त्रज्ञ अणू-रेणू खरे मानत नव्हते. १९०८ पासून झां पेरां या फ्रेंच शास्त्रज्ञानं कण मोजून काढले, सूत्र जुळलं आणि अणूबद्दलचा वाद जवळजवळ मिटला. पेरांला त्याबद्दल १९२६ चं नोबेल मिळालं.

सापेक्षतावाद तं लॉरेंट्झ आणि प्वांकारेचा होता. यानं उचलला ना?

हा प्रश्न विचारणारा वाचून आलेला असतो, म्हणून त्याला अर्धवट उत्तर देऊन चालत नाही.

समीकरणं लॉरेंट्झ या डच भौतिकशास्त्रज्ञाची होती, हे खरं. प्वांकारे या फ्रेंच गणितीनं प्रकाशाच्या इशाऱ्यानं घड्याळं जुळवायची गोष्ट १९०० मध्येच मांडली होती, आणि जून १९०५ मध्ये त्याचा स्वतःचा निबंधही आला. आइनस्टाईनच्या निबंधाखाली एकाही जुन्या निबंधाचा संदर्भ नाही, फक्त मिकेले बेसो या मित्राचे आभार आहेत. ही त्याची उणीवच म्हणावी लागेल. मी त्याचा चाहता असलो तरी ती झाकणार नाही.

पण लॉरेंट्झ आणि प्वांकारे दोघांनीही ईथर सोडला नाही. प्रकाश ज्यातून वाहतो असा एक अदृश्य पदार्थ सगळीकडे भरलेला आहे, असं तेव्हा मानत. घड्याळ मंद चालतं आणि काठी आखूड होते, ते या ईथरमुळे, असा लॉरेंट्झचा हिशेब. आइनस्टाईन म्हणाला, ईथरची गरजच नाही. प्रकाशाचा वेग सगळ्यांना सारखाच दिसतो एवढं मान्य करा, मग वेळ हीच प्रत्येकाची आपापली होते. सामान सगळं अंगणात पडलेलं होतं, दोघं थोर माणसं त्याच्याभोवती फिरत होती, घर उभं केलं ते यानं. सोळाव्या वर्षी आराऊला असताना त्याला प्रश्न पडला होता की प्रकाशाच्या किरणाबरोबर त्याच्याच वेगानं धावलं तर काय दिसेल. तो प्रश्न त्यानं दहा वर्षं सोडला नाही.

त्याच्या बायकोनंच सगळं केलं, असं व्हिडिओत सांगतेत.

मिलेवा मारिच ही त्याची वर्गमैत्रीण, पुढे बायको. त्या काळात भौतिकशास्त्र शिकायला आलेल्या मोजक्या मुलींतली एक. पत्रांमध्ये आइनस्टाईन एके ठिकाणी "आपलं काम" असं लिहितो, त्यावरून ही चर्चा सुरू झाली. तिनं स्वतः असा दावा कधी जाहीरपणे केला नाही, आणि तिनं निबंध लिहिल्याचा पुरावा मिळालेला नाही. तिच्यावर अन्याय झाला तो वेगळा. लग्नाआधी बाळंतपण, शेवटच्या परीक्षेत दोनदा अपयश, नंतर संसार आणि आजारी मुलगा. १९१९ मध्ये घटस्फोट झाला. घटस्फोटाच्या अटीतच लिहिलं होतं की नोबेल मिळालं तर पैसा तिला द्यायचा. नवरा म्हणून आइनस्टाईनचं वागणं चांगलं नव्हतं, हे मी मुलींसमोर सांगतो. त्याच्या गणिताला त्यानं बाधा येत नाही आणि गणितानं ते वागणंही धुऊन निघत नाही.

अणुबॉम्ब त्यानंच बनवला ना?

नाही. २ ऑगस्ट १९३९ च्या, अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टना लिहिलेल्या पत्रावर त्याची सही आहे, असा बॉम्ब होऊ शकतो एवढा इशारा त्यात होता. बॉम्बच्या प्रकल्पात त्याला घेतलंच नाही, सरकारला त्याचा भरवसा नव्हता. ई बरोबर एमसी वर्ग हे सूत्र ऊर्जा किती निघेल ते सांगतं, बॉम्ब कसा करायचा ते सांगत नाही.

मंग त्याची सगळ्यात मोठी कमाल कोणती?

माझ्या मते १९०७ ते १९१५ ही आठ वर्षं.

१९०७ मध्ये पेटंट कार्यालयात खुर्चीवर बसलेला असताना त्याच्या मनात आलं की जो माणूस खाली पडतोय त्याला पडताना स्वतःचं वजन जाणवत नाही. आयुष्यातला सगळ्यात सुखाचा विचार, असं त्यानं पुढे म्हटलं. आम्ही हे बाटलीनं करून बघतो. पाण्याच्या बाटलीला तळाजवळ भोक पाडायचं, भरायची, धरून ठेवली की भोकातून चिळकांडी उडते. आता गच्चीवरून बाटली सोडायची. पडता पडता चिळकांडी थांबते! भोक उघडंच असतं, पाणी आत भरलेलंच असतं, तरी थेंब बाहेर येत नाही, कारण बाटली आणि पाणी बरोबरीनं पडतात, पाण्याचा भार तळावर उरतच नाही. जमिनीवर बाटली आपटेपर्यंतचा तो एक क्षण असतो. पहिल्यांदा केलं तेव्हा पोरांनी मला ती बाटली अकरा वेळा टाकायला लावली.

सगळ्यांनी लहानपणापासून वस्तू पडताना बघितल्या आहेत. त्यातून गुरुत्वाकर्षण हे ओढणारं बळ नसून अवकाश-काळाची वक्रता आहे इथपर्यंत जाणं, आणि ते गणितात बसवणं, याला आठ वर्षं लागली. लागणारं गणित त्याला येत नव्हतं. १९१२ मध्ये तो झुरिकला परतला आणि पुन्हा ग्रॉसमानकडेच गेला, तो आता गणिताचा प्राध्यापक झाला होता. १९१३ मध्ये दोघांनी मिळून जे समीकरण छापलं ते चुकीचं निघालं. दोन वर्षं तो चुकीच्या वाटेनं चालला. नोव्हेंबर १९१५ मध्ये त्यानं बर्लिनच्या अकादमीपुढे लागोपाठ चार गुरुवारी चार निबंध वाचले, ४, ११, १८ आणि २५ तारखेला. दर आठवड्याला आधीची चूक दुरुस्त होत गेली. मधल्या काळात डाव्हिड हिल्बर्ट हा थोर गणिती त्याच समीकरणाच्या मागे होता. हिल्बर्टनं आधी शोधलं असं बरीच वर्षं म्हणत, पण त्याच्या निबंधाची छपाईपूर्व प्रुफं पुढे सापडली, त्यात शेवटचं समीकरण नव्हतं.

१८ तारखेच्या निबंधात बुधाचा हिशेब आहे. बुधाची कक्षा हळूहळू वळते, आणि न्यूटनच्या हिशेबात शंभर वर्षांत ४३ सेकंदांचा फरक पडायचा. एका अंशाचे ३६०० भाग केले तर त्यातले ४३, तेही शंभर वर्षांत. साठ वर्षांत कुणाला तो फरक सोडवता आला नव्हता. नव्या समीकरणातून बरोबर तेवढेच ४३ बाहेर पडले. छातीत धडधड झाली, असं तो नंतर सांगायचा.

आपल्याकडे हुशार म्हणजे चटकन उत्तर देणारा. संस्कृत काव्यशास्त्रात प्रतिभा म्हणजे नवं नवं उमलवणारी बुद्धी. आइनस्टाईनला प्रतिभावंत म्हणायचं ते या दुसऱ्या अर्थानं, आणि त्या अर्थानं त्याचं नाव शंभर टक्के सार्थ आहे.

एवढे शास्त्रज्ञ झाले, फोटो याचाच काहून?

२९ मे १९१९ ला खग्रास सूर्यग्रहण होतं. ताऱ्याचा प्रकाश सूर्याजवळून येताना १.७५ सेकंदानं वाकेल, असं आइनस्टाईनचं भाकीत. ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञांनी ब्राझीलमधल्या सोब्राल आणि आफ्रिकेजवळच्या प्रिन्सिपे बेटावर तुकड्या पाठवल्या, ६ नोव्हेंबरला लंडनमध्ये निकाल जाहीर झाला आणि दुसऱ्या दिवसापासून तो जगप्रसिद्ध झाला. पहिलं महायुद्ध नुकतंच संपलेलं, आणि जर्मनीत बसलेल्या माणसाचा सिद्धांत इंग्रजांनी तपासून खरा ठरवला. लोकांना ही बातमी भावली.

नशिबाचाही वाटा होता. १९११ मध्ये त्यानं काढलेला आकडा निम्माच होता. १९१४ च्या ग्रहणात तो तपासायला एक जर्मन तुकडी क्रिमियात गेली, तेवढ्यात युद्ध पेटलं आणि निरीक्षण झालंच नाही. झालं असतं तर आकडा चुकीचा ठरला असता.

केस, पाईप, जीभ बाहेर काढलेला फोटो यानं नाव पसरलं. त्याचं मोठेपण त्यावर उभं नाही.

तो कधी चुकलाच नाही काय?

पुष्कळदा चुकला. १९१७ मध्ये विश्व स्थिर दिसावं म्हणून समीकरणात एक जादा पद घातलं. १९२२ मध्ये फ्रीडमान या रशियन गणितीनं विश्व प्रसरण पावू शकतं हे दाखवलं, तेव्हा आइनस्टाईननं त्याचं गणित चुकलंय असं छापलं, आणि वर्षभरात ते शब्द मागे घेतले. १९३६ मध्ये गुरुत्वीय लहरी, म्हणजे अवकाशातच उठणाऱ्या लहरी, नसतातच असा निबंध त्यानं एका अमेरिकी नियतकालिकाला पाठवला. परीक्षकानं चूक दाखवली तर रागावून निबंध परत घेतला. पुढे चूक उमगली आणि दुरुस्त करून दुसरीकडे छापला.

सगळ्यांत गाजलेला वाद क्वांटमचा, म्हणजे अणू-इलेक्ट्रॉनांच्या बारक्या जगाच्या शास्त्राचा. निसर्गात मुळातच अनिश्चितता आहे हे त्याला कधी पटलं नाही. १९३५ मध्ये त्यानं दोन सहकाऱ्यांसोबत एक अडचणीचा प्रश्न मांडला. १९६४ मध्ये जॉन बेल या भौतिकशास्त्रज्ञानं तो प्रयोगानं तपासायची वाट दाखवली, प्रयोग झाले, आणि निसर्गानं आइनस्टाईनच्या बाजूनं कौल दिला नाही. त्या प्रयोगांना २०२२ चं नोबेल मिळालं. चुकीच्या बाजूला उभं राहूनही त्यानं विचारलेला प्रश्न एवढा नेमका होता की सत्तर-ऐंशी वर्षं लोक त्यावर काम करत राहिले.

त्याचा मेंदू आपल्यापेक्षा मोठा होता म्हणतेत.

वजन १२३० ग्रॅम. सरासरीपेक्षा थोडं कमीच. १९५५ मध्ये तो वारल्यावर शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरनं कुणाला न विचारता मेंदू काढून ठेवला. त्याचे तुकडे करून वर्षानुवर्षं तपासले, पण प्रतिभा कुठे आहे हे कुणाला पटण्यासारखं दाखवता आलेलं नाही. आणि त्यानं बुद्ध्यांकाची परीक्षा दिल्याची नोंद नाही. १६० वगैरे आकडे लोकांनी नंतर चिकटवले.

आमच्या वावरात याचा काय उपयोग?

ई-पीक पाहणी करताना तुम्ही शेतात उभं राहून फोटो काढता आणि मोबाईल तुमची जागा ओळखतो. ती जागा जीपीएसच्या उपग्रहांवरून ठरते. ते साधारण २०,००० किलोमीटर उंचीवर आहेत. वेगामुळे त्यांची घड्याळं दिवसाला ७ मायक्रोसेकंद मागे पडतात, आणि वर गुरुत्व कमी म्हणून ४५ मायक्रोसेकंद पुढे जातात. फरक उरला ३८. तो दुरुस्त केला नाही तर दिवसभरात जागा जवळपास १० किलोमीटर चुकेल. तुमचा गट दुसऱ्याच तालुक्यात दिसेल.

सोलर पंपाच्या पाट्यांबद्दलही विचारतात. आइनस्टाईनला १९२१ चं नोबेल मिळालं ते मुख्यतः प्रकाशामुळे धातूतून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात त्या नियमासाठी. सोलरच्या पाटीत अगदी तीच क्रिया होत नाही, पण मूळ विचार तोच, प्रकाशाचा एक पुडा आणि एक इलेक्ट्रॉन. हा विचार १९०५ मध्ये जवळजवळ कुणालाच पटला नव्हता. खुद्द मॅक्स प्लांक या जर्मनीतल्या बड्या भौतिकशास्त्रज्ञानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९१३ मध्ये बर्लिनच्या अकादमीसाठी आइनस्टाईनची शिफारस करताना लिहिलं की प्रकाशाच्या पुड्यांच्या बाबतीत त्याचा नेम चुकला असेल, तरी ते त्याच्याविरुद्ध धरू नये. रॉबर्ट मिलिकन या अमेरिकी शास्त्रज्ञानं वर्षानुवर्षं प्रयोग केले, त्यालाही पुडे पटत नव्हते, आणि १९१६ मध्ये त्याच्याच हातून आइनस्टाईनचं सूत्र खरं ठरलं.

मधमाशा संपल्या तर माणूस चार वर्षांत संपेल, हे तोच म्हणाला ना?

तो असं म्हणाल्याचा पुरावा नाही. माशाला झाडावर चढायला सांगण्याचं वाक्य शाळांच्या भिंतींवर त्याच्या नावानं रंगवलेलं असतं, तेही त्याचं ठरत नाही. मधमाशांचं महत्त्व फवारणी करणाऱ्या शेतकऱ्याला आइनस्टाईनच्या नावाशिवायही सांगता येतं.

गांधीजींबद्दलचं वाक्य मात्र खरं आहे. असा माणूस हाडामांसाच्या देहानं या पृथ्वीवर चालला यावर पुढच्या पिढ्या क्वचितच विश्वास ठेवतील, हे त्यानं १९३९ मध्ये गांधीजींच्या सत्तरीनिमित्त लिहिलं. तेव्हा गांधीजी आपल्या वर्धा जिल्ह्यात, सेवाग्रामला राहत होते.

भारतातल्या कोणाशी त्याचा संबंध आला काय?

सत्येंद्रनाथ बोस यांच्याशी. मेघनाद साहा आणि बोस यांनी १९२० मध्ये सापेक्षतावादाचे मूळ निबंध जर्मनमधून इंग्रजीत आणून कोलकात्यात छापले. १९२४ मध्ये ढाक्याहून बोसांनी आपला एक निबंध आइनस्टाईनला पाठवला. अनोळखी माणसाचं पत्र. आइनस्टाईननं निबंध वाचला, स्वतः जर्मनमध्ये भाषांतर करून छापून आणला आणि विचार पुढे नेला. त्यातून खूप थंड केलेले अणू सगळे मिळून एकच असल्यासारखे वागतील असं जे भाकीत निघालं ते १९९५ मध्ये अमेरिकेत रुबिडियमचे अणू प्रचंड थंड करून प्रत्यक्ष दिसलं. दुसऱ्याच्या कागदावरचं मोल ओळखणं हाही त्याच्या मोठेपणाचा भाग मी मानतो.

न्यूटन मोठा का आइनस्टाईन?

मला विचाराल तर न्यूटन. आइनस्टाईननंही आपल्या आत्मकथनपर टिपणांत "न्यूटन, मला क्षमा कर" असं लिहून ठेवलंय.

औंढ्याले जे बांधून राहिले, ते काय हाय?

औंढा नागनाथला आपण दर्शनाला जातो. त्याच तालुक्यात लायगो-इंडिया ही वेधशाळा ठरली आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारनं तिला २६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. काटकोनात दोन नळ्या, प्रत्येकी चार किलोमीटर, आतून लेसर. लेसरचं मूळ तत्त्वही आइनस्टाईनचंच, १९१७ सालचं. दूर कुठे दोन कृष्णविवरं आदळली की अवकाशात लहर उठते आणि नळीची लांबी प्रोटॉनच्या रुंदीच्या शंभराव्या भागाहूनही कमी बदलते. तेवढं हे यंत्र पकडतं. अमेरिकेतल्या दोन वेधशाळांनी १४ सप्टेंबर २०१५ ला अशी लहर पहिल्यांदा पकडली. १९१६ मध्ये आइनस्टाईननं जिचं भाकीत केलं आणि वीस वर्षांनी जिच्यावर त्याचाच विश्वास उडाला होता, तीच ही लहर. सुरू झाली की पोरांना घेऊन जायचं आहे.

बाटलीचा प्रयोग घरी कसा करायचा?

लिटरची रिकामी बाटली घ्या. खिळा चिमट्यात धरून तापवा आणि तळापासून दोन बोटं वर भोक पाडा. लहान पोरांनी हे मोठ्या माणसाकडून करून घ्यावं. भोकावर अंगठा ठेवून पाणी भरा आणि झाकण लावू नका, नाहीतर पाणी उभ्यानंही बाहेर येणार नाही. विहिरीच्या काठावर करू नका, ओट्यावर किंवा बैलगाडीवर उभं राहिलं तरी पुरतं. एकाला खाली मोबाईल घेऊन बसवा आणि स्लो मोशन लावा. सोडणाऱ्यानं बाटली ढकलायची नाही, नुसती बोटं उघडायची.

जमलं की पुढच्या खेपेला बाटली वर फेकून बघा. वर जाताना पाणी वाहील की थांबेल, हे आधी एकमेकांत ठरवा, मग फेका.